दुसऱ्यासाठी विचारतोय

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सात फोन! दवाखाना बंद करून घरी आलो, पाय धुतले, बुद्धवंदनेला बसलो — तोच पहिला. शर्मिलाने उचलला. "डॉक्टर वंदनेला बसलेत." पलीकडून उत्तर — "बसू द्या. मी धरतो." आणि धरला. शेजारणीला उचकी लागली होती म्हणे. माझी वंदना होईपर्यंत उचकी थांबली होती, पण न विचारता फोन ठेवणं त्याला बरं दिसेना.

अठरा वर्षं पोलादपुरात दवाखाना चालवतोय. संध्याकाळी सातनंतरचे फोन घ्यायचे हे मीच ठरवलेलं. आसपासच्या वाड्यांना रात्री दुसरं कोण आहे? या अठरा वर्षांत स्वतःच्या दुखण्यासाठी फोन केलेला माणूस मला आठवत नाही. नवऱ्यासाठी बायको करते, बायकोसाठी नवरा. एक गृहस्थ मूळव्याधीचं कायम 'आमच्या साडूला' म्हणून विचारतात. साडू मला माहीत आहे. विरारला असतो, ठणठणीत आहे. पण स्वतःसाठी फोन करणं म्हणजे दुखण्याला पाटावर बसवणं! दुसऱ्यासाठी केला की ती माणुसकी.

सातवा फोन श्रीपतचा. आंबेनळीच्या रस्त्यावर, आमच्या गावच्या शाळेच्या वरच्या अंगाला त्याची वाडी. औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ठेकेदाराकडून ड्रम उचलायच्या कामाला आहे. "साहेब, आईच्या छातीत दाब येतो. चढताना. थांबली की ऱ्हातंय." हे ऐकायला बरं नव्हे. उद्या घेऊन ये म्हटलं. "बघतो," म्हणाला.

इकडे 'बघतो' म्हणजे नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

साळूबाई आली नाही. म्हणजे श्रीपतची आई.

९ नोव्हेंबर, रविवार

रविवारीसुद्धा! ताटात वालाचं बिरडं, आणि कानाला फोन. शर्मिला म्हणते, "अहो, तुम्ही जेवता की हुंकारता?"

पुन्हा श्रीपत. आईचं तेच. मागे हायवेवरच्या ट्रेलरचे हॉर्न, निम्मं ऐकू येईना. ओरडून विचारलं — घाम येतो का? "येतो. गार." हात? "डावा जड पडतो." आत्ता कशी आहे? "आत्ता जरा हाय. उतरतंय." हे सगळं हृदयाकडे बोट दाखवतं. मी चिडलो. म्हटलं, अरे, ईसीजीची पट्टी काढल्याशिवाय फोनवर मी काय करणार? आई आहे ना तुझी? उद्या खांद्यावर घालून आण.

"आणतो, साहेब. रागावू नका."

त्याला रागावून झाल्यावर बिरडं गार. शिळ्यासारखं लागलं. बरोबरच आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आली! खांद्यावर नव्हे, पायी. डोक्यावर नाचणीची पाच-सहा किलोची पिशवी, वर काकडी. सेजल — माझी नर्स — पिशवी उतरवायला गेली तर तिलाच पेलवेना.

"काय रे सोमाच्या," साळूबाई आल्या आल्या. माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारणारी आता दोनच माणसं उरली. "बोलावलंस कशाला?"

"छातीत दुखतं ना तुमच्या?"

"कुणाच्या?"

"तुमच्या. श्रीपत सांगत होता."

माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हां… दुखतंय की. कधीमधी."

ईसीजीची पट्टी काढली. सत्तरीच्या बाईची पट्टी, पण विशीतल्या पोरीची म्हणून खपली असती. रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला. फुप्फुसं स्वच्छ. जाताना सेजलने चहा दिला. माझ्या वडिलांना हिच्या सासूने ओटीच्या खाली उभं करून वरून पाणी ओतलेलं मी पाहिलंय. आज ही माझ्या खुर्चीत बसून बशीतून चहा प्यायली आणि वर म्हणाली, "साखर कमी हाय, पोरी." प्रगती आहे!

श्रीपत घाबरट आहे. आईवेडी माणसं असतात अशी.

१६ नोव्हेंबर, रविवार

श्रीपतचा फोन. मी विजयी सुरात सांगितलं — आईला काही झालेलं नाही. पट्टी उत्तम.

त्याने विचारलं — "मग दुखतं कशानं?"

"गॅस असेल. पित्ताची गोळी दे सकाळी."

"गॅसच ना, साहेब? नक्की?"

"नक्की."

त्याला हायसं वाटलं. मलाही. समाधानाने झोपतोय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रात्रीचे अकरा वाजलेत, तरी लिहितो.

सात वाजून पाच मिनिटं. श्रीपत. "गोळीनं फरक नाय. आत्ता लय दुखतंय. जबड्यापर्यंत जातंय."

"आत्ता?"

"आत्ता, साहेब. बसून हाय तरी."

मी विचारलं, तू कुठे आहेस? नाक्यावर. कंपनीची बस आत्ता सोडून गेली. आई? घरी. म्हटलं, तिला उतरवून आण, मी दवाखाना उघडतो. "बघतो," म्हणाला, आणि ठेवला.

जेवायला बसलो. भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि हात थांबला. त्या वाडीत रेंज नाही. कधीच नव्हती. फोन करायचा तर माणसाला खाली रस्त्यावर यावं लागतं. मग नाक्यावर बसलेल्या श्रीपतला वाडीतल्या आईचं 'आत्ता' कसं कळलं? जबड्यापर्यंत जातंय हे कसं कळलं?

आईचं नाही. त्याचं दुखत होतं. पहिल्या दिवसापासून त्याचंच. आणि मी त्याला गॅस म्हणून सांगितलं. नक्की म्हणून!

लगेच फोन लावला — संपर्क क्षेत्राच्या बाहेर. म्हणजे वाट चढायला लागला होता. छातीत ते घेऊन. भिकाजी रिक्षावाल्याला लावला, तो नाक्यावरून त्या बाजूला माणसं सोडतो. "सोडला की श्रीपतला, वाटेच्या तोंडाशी. चढताना दोनदा बसला दगडावर. विचारलं तर म्हणतो बूट चावतोय."

भिकाजीला परत पाठवलं. म्हटलं, वर घरापर्यंत जा, बघून ये, कारण काहीही सांग. तासाभराने खाली उतरून त्याने फोन केला. "जेवतोय की तो. मला पण बसवला. कालवण झ्याक होतं. काय झालं काय डॉक्टर?"

काही नाही म्हटलं. शर्मिलाने विचारलं, तिलाही काही नाही म्हटलं. अठरा वर्षं फोनवर माणसं ओळखतो अशी माझी ख्याती आहे. मीच पसरवलेली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

त्याने माझ्यापासून का लपवावं? रात्रभर हेच. सकाळी सेजल यायच्या आधी कपाट उघडलं. वर्षातून दोनदा, जुलैच्या आणि जानेवारीच्या तोंडावर, यशराज ठेकेदार त्याच्या चाळीस माणसांचे फिटनेसचे फॉर्म आणतो. कारखान्यात कामाला लायक असल्याचे. माणसं पाळीवर असतात, फॉर्म येतात. मी सह्या करतो. सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगत आलो.

जुलैच्या गठ्ठ्यात एकविसावा. श्रीपत. हृदय — सामान्य. जड कामास योग्य. खाली सही. माझी, झोकदार.

म्हणजे हा माणूस ज्या डॉक्टरला विचारायला धडपडतोय, त्यानेच लिहून दिलंय की विचारण्यासारखं काही नाही. खरं सांगितलं तर मी पुढच्या वेळी सही करणार नाही, यशराज कामावरून काढणार, आणि घर त्याच्या एकट्याच्या पगारावर. न सांगावं तर छाती गप्प बसत नाही. मग त्याने आई पुढे केली. त्याच्या जागी मी काय केलं असतं?

तोंडावर सांगून टाकावं? गेल्या वर्षी एकाला म्हटलं होतं, "अरे, मेव्हण्याचं राहू दे, तुझं सांग." त्यानंतर त्याचा फोन नाही. मेव्हण्याचाही नाही.

संध्याकाळी फोन वाजायच्या आधीपासून हातात धरून बसलो होतो. आला. मी ठरवलं — आई तर आई!

"आईला सांग, चढ चढायचा नाही. ड्रम उचलायचे नाहीत."

"आई ड्रम उचलत नाय, साहेब."

"काहीही जड. हंडा, मोळी, जे असेल ते."

"आई म्हणते, कामाला खाडा पडला तर चालत नाय."

"आईला म्हणावं, मेलीस तर कायमचा खाडा पडेल."

हसला. मग हसता हसता धाप लागली, तीही ऐकू आली. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात मी सांगून ठेवलं होतं. म्हटलं, आत्ता जा, दोन प्रकारच्या गोळ्या देतील. एक रोज जेवल्यावर. दुसरी दुखायला लागलं की खाली बसून जिभेखाली, आणि तडक माझ्याकडे. ती आईने कायम खिशात ठेवायची.

"आईला खिसा नाय, साहेब."

"मग तू ठेव."

"…बरं. मी ठेवतो."

"आणि आत्ताच दवाखान्यात ये तिला घेऊन."

"उद्या-परवा बघतो."

न तपासता औषध. न बघता सही केली तेव्हा दोनदा विचार केला नव्हता, आज केला. सुधारणा म्हणायची.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी अडखळलो. खोटं न बोलण्याचं. काल दहा मिनिटं खोटं बोललो आणि या महिन्यात पहिल्यांदा त्या माणसाशी खरं बोललो. विहारातल्या भन्तेजींना विचारायला हवं. ते म्हणतील, आधी त्याला तपास.

दवाखाना सेजलवर टाकून स्कूटरने वर गेलो. श्रीपत कामावर गेलेला. वाट चढताना मीच चारदा थांबलो. साळूबाई अंगणात नाचणी पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं.

"कळलं तुला?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुझ्याकडे आले तेव्हाच. माझ्या छातीत दुखतं हे मला डाक्टरकडून कळावं? घरी येऊन विचारलं तर म्हणतो, आये, तू हो म्हण. हो म्हटलं. पोराच्या जिवावर बेतलं तर आई खोटं बोलणार नाय तर काय करणार?"

मी म्हटलं, त्याला उद्याच्या उद्या माझ्या टेबलावर झोपवायचा आहे. एकदा पट्टी हातात आली की पुढचं मी बघतो. पण तो येत नाही.

ती विचारात पडली. कोंबडीला हुसकलं. मग म्हणाली, "मी पडते."

"काय?"

"उद्या त्याची बस लागायच्या टायमाला मी नाक्यावर आडवी होते. मग आणेल की. नाय आणलं तर लोक जोड्यानं मारतील त्याला."

"जमेल तुम्हाला?"

"चाळीस वर्षं सासू बघितली पडताना. सणावाराला पडायची. मला न जमायला काय झालं!"

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जमलं. जरा जास्तच जमलं.

सव्वासातला भिकाजीच्या रिक्षातून आणली. मागे पंधरावीस माणसं. नाक्यावर कुणी कांदा हुंगवला होता, कुणी चप्पल. "आयायाया, मेले रे!" — आवाज पार एसटी थांब्यापर्यंत. पहिल्या प्रयोगाला नट ओततात तसा जीव ओतला होता. श्रीपत पांढराफटक. तिला उचलायला वाकला आणि मी ओरडलो — उचलायचं नाही! भिकाजी, तू उचल.

दार लावून घेतलं. आत चौघंच — मी, सेजल, माय आणि लेक. साळूबाईला टेबलावर घेणार तर उठून बसली.

"मला करंट लागंल."

सेजल म्हणाली, "आजी, करंट नसतो यात."

"असतो. वायरी हायत ना? आधी त्याला लावा. त्याला काय नाय झालं तर मग मी झोपते."

पंधरा तारखेला हिचाच ईसीजी काढला तेव्हा करंटचं नाव नव्हतं!

"आये, काय येड्यासारखं…"

"झोप तू! नायतर मी अशीच मरते."

श्रीपत माझ्याकडे बघायला लागला. मी वायरी सोडवत होतो, मान वर केली नाही. त्याने शर्टाची बटणं काढली. झोपला. सेजलने पट्ट्या लावल्या. छातीवर घामाचे थेंब, गार.

पट्टी सरकत आली. मला वाचायला क्षणसुद्धा लागला नाही. हृदयाला रक्त कमी पडत होतं. झटका अजून आला नव्हता, दारात उभा होता. साळूबाई पट्टीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने तिथेच वाचलं.

"आये," श्रीपत छताकडे बघत म्हणाला, "तुझं दुखणं जास्तीचं हाय वाटतं."

कुणी हसलं नाही. ती फक्त त्याच्या पायाशी जाऊन बसली आणि त्याचे कंपनीचे बूट काढायला लागली. नाडी सुटेना, तर दातांनी.

रुग्णवाहिका बोलावून रात्रीच पनवेलला रवाना केला. बाहेरच्या गर्दीला भिकाजी सांगत होता — म्हातारी वाचली, पण धक्क्याने पोरगा पडला!

२४ नोव्हेंबर, सोमवार

हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकली. सरकारी योजनेत बसलं. संध्याकाळी श्रीपतचा स्वतःचा फोन, पनवेलच्या हॉस्पिटलातल्या खाटेवरून. "साहेब, आईला बरं हाय."

दोघंही हसलो. या महिन्यातला सगळ्यात चांगला फोन.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. विहारात सकाळपासून माणसं, पांढरे कपडे. मेणबत्ती लावली. खिशात फोन गप्प करून ठेवला होता, तरी दोनदा थरथरला. घेतला नाही.

मनात आलं, जुलैच्या गठ्ठ्यात अजून एकोणचाळीस आहेत. एकेकाला बोलावून तपासायचं. ठरवलं.

१५ डिसेंबर, सोमवार

श्रीपत आला. पाच किलो उतरलाय, चेहऱ्यावर रंग आहे. हातात यशराजचा जानेवारीचा फॉर्म, कोरा. "जड कामास योग्य" समोर बोट ठेवून उभा.

मी नाही म्हटलं. निदान सहा महिने ड्रम नाहीत.

"मग मला घरी बसवतील."

"बस."

"खायचं काय? आईचं दुखणं?" हे उपहासाने. मग आवाज चढला. "साहेब, आत तुंबलं होतं तेव्हा तुम्ही सही केलीत, न बघता. आता स्प्रिंग टाकलीय, दुरुस्त हाय, तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. आता बघून करा की!"

सेजल काम नसताना कापूस कातरत राहिली. शेवटी म्हटलं, मी यशराजशी बोलतो. हलकं काम मिळवून देतो.

"देतो म्हणजे देणार, की बघतो?"

"देतो."

२५ डिसेंबर, गुरुवार

महाडला गेलो. क्रांतिस्तंभावर दरवर्षीसारखी गर्दी, निळे झेंडे, भाषणं. मनुस्मृती जाळल्याचा दिवस. मान ताठ करून परतलो आणि वाटेत यशराजच्या ऑफिसात शिरलो. मान कुठवर ताठ राहिली ते लिहितो.

यशराज पस्तिशीतला. दुष्ट नाही. उठून खुर्ची दिली, चहा मागवला. "टेन्शन नका घेऊ डॉक्टरसाहेब. श्रीपतला गेटवर बसवतो. आत-बाहेर गाड्यांचे नंबर लिहायचे, पंख्याखाली. पगार तोच."

इतकं सोपं? मी आभार मानले. मग म्हटलं, आणि उरलेल्या एकोणचाळिसांना मी या वेळी एकेक करून तपासणार आहे.

त्याने कप खाली ठेवला.

"तपासू नका, साहेब."

"का?"

"तपासलंत तर सापडणारच. कुणाला दम हाय, कुणाला प्रेशर. कुणाचे कान गेलेत. मला काय माहीत नाय? आठ-दहा तरी गळतील. कंपनीला एक तारखेला चाळीस माणसं हवीत, नाय तर ठेका दुसऱ्याला. मग चाळीसच्या चाळीस घरी. तुमच्या श्रीपतसकट." थोडा थांबला. "आणि समजा दहा सापडले. त्यांना पण गेटवर बसवा म्हणाल. साहेब, माझ्याकडे गेट एकच हाय."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. चहा संपवला. चांगला होता. तेही सांगून आलो.

२७ डिसेंबर, शनिवार

शर्मिलाला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. "एकाला वाचवायचं तर एकोणचाळीस सह्या डोळे मिटून. आणि एकोणचाळिसांना बघायचं तर चाळीस घरं बसणार. असंच ना?"

असंच.

"मग मला कशाला विचारता? तुम्हाला स्वतःसाठी विचारायचंय की दुसऱ्यासाठी?"

कणीक तशीच ठेवून हात धुवायला गेली.

२८ डिसेंबर, रविवार

श्रीपतचा फोन. "आईनं विचारलंय, गेटचं काय झालं?" दोघं खाली रस्त्यावर आली होती, आई शेजारीच. "मी नाय विचारलं!" असा आवाज आला.

मी होईल म्हटलं.

३० डिसेंबर, मंगळवार

फॉर्म आले. चाळीस. वरचा श्रीपतचा, 'हलके काम' असं यशराजने स्वतःच टाइप करून आणलंय. माणूस शब्दाचा पक्का आहे.

गठ्ठा टेबलावर. वंदनेला बसलो नाही.

३१ डिसेंबर, बुधवार

श्रीपतच्या फॉर्मवर सही बघून केली. बाकी एकोणचाळीस सकाळी, दोन पेशंटच्या मधे. शिक्के सेजलने मारले.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन. नंबर ओळखीचा नाही. मागे बसचं इंजिन, माणसांचे आवाज. "डॉक्टर, वडिलांसाठी विचारायचं होतं. जिना चढताना छाती आवळते त्यांची. यशराजशेठच्या माणसांना तुम्हीच बघता ना, म्हणून लावला."

वडिलांचं वय विचारलं.

"चौतीस," म्हणाला.